चार पात्रं आणि निघून गेलेला समुद्र : प्रकल्प नोंदी

४ जून

आमच्या व्हिडिओ गेमचं जग ठरलं आहे. एक समुद्र फार पूर्वी उठून निघून गेला आणि त्याच्या कोरड्या तळावर आता वस्त्या आहेत. पालथी पडलेली गलबतं म्हणजे घरं, प्रवाळांचे कडे म्हणजे वेशी, आणि जिथे पाणी सगळ्यात खोल होतं तिथे एक बंद दरवाजा. खेळणाऱ्याला त्या दरवाजापर्यंत पोचायचं आहे. लढाईचा सांगाडा प्रोग्रामरने उभा केला आहे, चित्रकार तळाच्या रंगांवर काम करते आहे. माझ्या वाट्याला चार पात्रांच्या उगमकथा आल्या आहेत.

पहिल्या बैठकीच्या टिपणांत प्रत्येक पात्राचं वय, घराणं, कोणावर सूड घ्यायचा आहे, एवढं लिहून झालं आहे. ही चरित्रं झाली. ती लागतीलच, पण पुराणातली उगमकथा निराळं काम करते. राहूचं उदाहरण घेते. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत देवांच्या पंगतीत बसून एक असुर पितो, सूर्य आणि चंद्र त्याची चुगली करतात, विष्णूचं चक्र सुटतं. अमृत घशापर्यंतच उतरलेलं असतं, म्हणून डोकं अमर होतं आणि धड पडतं. ते डोकं आजही सूर्याचंद्राला गिळतं, आणि खाली पोटच नसल्यामुळे गिळलेला सूर्य गळ्यातून बाहेर येतो. राहूचं बालपण कसं गेलं हे कोणी विचारत नाही. वैर का आहे, ग्रहण का लागतं आणि ते सुटतं का, या तिन्हींची उत्तरं एका घावात मिळून जातात.

तेव्हा या वहीपुरता नियम असा : प्रत्येक उगमकथेचा पुरावा जगात आजही शिल्लक असला पाहिजे, आणि खेळणाऱ्याला तो खेळता खेळता हाती लागला पाहिजे. सुरुवातीच्या पडद्यावर पानभर इतिहास लिहायचा नाही.

७ जून

दिवसभर वाचन. नॉर्स कथांमधल्या फेनरीर लांडग्यापाशी बराच वेळ थांबले. दोन साखळ्या तुटल्यावर देव त्याला बांधायला एक मऊ दोर करून घेतात. तेराव्या शतकात आइसलंडमध्ये स्नोरी या कवीने लिहून ठेवलेल्या कथेत त्या दोराचं सामान दिलं आहे : मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. हे सगळं दोरात खर्ची पडलं, म्हणून आता मांजर चालताना आवाज होत नाही आणि बायकांना दाढी नसते. अस्वल या हिशेबात नीट बसत नाही. मला ते फार आवडलं. कोणीतरी शेकोटीपाशी बसून बोटं मोजत सांगतंय आणि ओघात एक गोष्ट जास्तीची आली, असं वाटतं. आपल्या याद्याही इतक्याच सैल ठेवायच्या, सगळी टोकं जुळवायची नाहीत.

याच कथेत किंमतही आहे. हा दोर म्हणजे फसवणूक नाही याची हमी म्हणून लांडगा कोणाचा तरी हात आपल्या तोंडात मागतो. टीर नावाचा देव हात देतो आणि तो हात जातो. त्यानंतर टीर कुठेही आला तरी एका हाताचाच येतो. पात्राच्या अंगावर कथेची खूण असावी ती अशी.

टोपलीतून पाण्यात सोडलेलं मूल आपण वापरणार नाही. कर्ण, मोशे, अक्कादचा राजा सारगॉन अशी ही रांग मोठी आहे आणि मनोविश्लेषक ओटो रँकने १९०९ मध्येच ती एका पुस्तकात मांडली होती. जुनी गोष्ट म्हणून माझा तिला विरोध नाही. आपल्या जगात वाहून न्यायला नदीच उरलेली नाही, म्हणून ती इथे लागू पडत नाही.

११ जून

पहिलं पात्र, गाज.

समुद्र जायला निघाला तेव्हा किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने त्याच्याकडे काही ना काही मागून घेतलं. कोणी मीठ घेतलं, कोणी मोती, कोणी प्रवाळ. एक मुलगी उशिरा पोचली. तोवर समुद्राच्या ओंजळीत काही उरलं नव्हतं. तेव्हा त्याने आपला आवाज तिला दिला. एका गळ्यात दोन आवाज मावत नाहीत म्हणून तिचा आवाज तो सोबत घेऊन गेला.

आता पुरावा. शंख कानाला लावला की समुद्र ऐकू येतो असं आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. ती खरं तर आसपासच्याच आवाजांची पोकळीत उठलेली घुमी असते. आपल्या जगात शंख कानाला लावला तर काहीही ऐकू येत नाही. तळावर जागोजागी शंख पडलेले असतील, उचलता येतील, कानाला लावण्याचं बटण असेल, आणि ते दाबलं की वारा, पावलं, पार्श्वसंगीत सगळं बंद होऊन पूर्ण शांतता. या शंखांचा उपयोग काय, हे कुठेही लिहायचं नाही. पुढे गाज भेटते, ती जवळ असताना तोच शंख कानाला लावला तर लाटा फुटताना ऐकू येतात. ज्याला कळायचं त्याला तिथे कळेल.

गाजला एकही संवाद नाही. तिच्या वतीने निवड करताना पडद्यावर शब्द येणार नाहीत, तीन आवाज ऐकू येतील : ओहोटीची सरसर, भरतीची गाज आणि वादळ. त्यांतला एक निवडायचा. तळावरच्या माणसांनी कित्येक पिढ्या हा आवाज ऐकलेला नाही. काही जण गुडघे टेकतात, काही पळून जातात, आणि एक म्हातारी तिला घरात घेऊन दार लावते. ती म्हातारी मला हवीच आहे.

कथा सांगतं कोण, हा प्रश्न इथेच आला. वर लिहिलेलं रूप मिठागरात राबणारे लोक सांगतात. गलबतांत राहणारे उलट सांगतात : समुद्र झोपला असताना या पोरीने त्याचा आवाज चोरला, आणि मुका झालेला समुद्र आपल्या लाटांना परत बोलवू शकला नाही, म्हणून तो गेला. दोन्ही रूपं ठेवते आहे आणि त्यातलं खरं कुठलं हे मी स्वतःसाठीही ठरवणार नाही. ग्रीक कथांमधल्या मेड्युसा या राक्षसिणीचं असंच झालं आहे. ग्रीक कवी हेसिअडकडे ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एक, जन्मापासूनच तशी. सुमारे सातशे वर्षांनी रोमन कवी ओव्हिड सांगतो की ती एक सुंदर मुलगी होती, देवळात तिच्यावर अत्याचार झाला आणि शिक्षा मात्र तिलाच झाली, केसांचे साप झाले. मुंडकं तेच, साप तेच, पण दुसरी कथा ऐकल्यावर तलवार उचलणारा हात थबकतो. मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसने १९५५ च्या निबंधात म्हटलं होतं की मिथकाचं मूळ रूप शोधत बसू नये, त्याची सगळी रूपं मिळूनच ते मिथक असतं. गेम लिहिणाऱ्याला याहून मोकळीक देणारं वाक्य मला माहीत नाही.

१२ जून

चित्रकाराने विचारलं, गाजच्या अंगावर खूण कुठे? गळ्यावर, शंखाच्या पिळासारखी. बहुतेक शंख एकाच बाजूला वळलेले असतात, उलट्या पिळाचा क्वचित सापडतो. गाजच्या गळ्यावरचा पीळ उलटा. एवढं तिला पुरलं, संध्याकाळपर्यंत तीन रेखाटनं आली. मधलं पक्कं.

१८ जून

दुसरं पात्र, उणा. हा चोर आहे.

चोराची उगमकथा लिहिताना आधी एकच ठरवायचं असतं, त्याने चोरलं काय. सोनं, आग, अमृत सगळं आधीच चोरून झालं आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कने सांगितलेली एक इजिप्शियन कथा मनात घर करून बसली होती. आकाशदेवीला शाप असतो की कुठल्याही महिन्यात, कुठल्याही वर्षी तिला मूल होणार नाही. तेव्हा थोथ हा देव चंद्राबरोबर सोंगट्यांचा डाव मांडतो, त्याच्या प्रकाशाचा सत्तरावा भाग जिंकतो आणि त्यातून पाच दिवस घडवतो. हे दिवस ३६० दिवसांच्या वर्षाबाहेरचे, म्हणून शापाच्याही बाहेरचे. त्या पाच दिवसांत ओसायरिस, आयसिस आणि त्यांची भावंडं जन्मतात. पंचांगातली एक अडचण आणि देवांचा जन्म एकाच गाठीत बांधले आहेत.

थोथने दिवस जोडले. उणा एक दिवस पळवतो.

तळावरच्या महिन्यात तेरावा दिवस नाही. वरच्या पट्टीवर तारीख दिसते, बारा झाले की चौदा. उणाची बहीण सांजी आजारी होती. दिवे लावणारे लोक ही कथा अशी सांगतात :

"वैद्य म्हणाला, बारावा दिवस निभेल, तेराव्याचं मी सांगत नाही. उणा उठला. रात्रीच्या मागच्या दारी गेला. तेरावा दिवस तिथे पायरीवर बसून आपली पाळी यायची वाट बघत होता. उणाने त्याला उचललं, घडी घातली, कनवटीला लावलं. सकाळ झाली ती चौदाव्याची झाली. वैद्य आला. सांजीची नाडी बघितली. बाराव्याच्या संध्याकाळी होती तशीच होती. आजही तशीच आहे."

सांजी मरत नाही आणि बरीही होत नाही. तिच्या खोलीत कायम बाराव्याची संध्याकाळ असते, बाहेर भर दुपार असली तरी.

खेळात उणाला एकदाच तो दिवस उलगडता येईल. बाकीच्या जगासाठी वेळ थांबेल आणि आपल्या टोळीला पूर्ण एक दिवस मिळेल, अख्ख्या गेममधली सगळ्यात मोठी ताकद. त्याची किंमत काय हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही, पण कथा ऐकलेल्याला ती ठाऊक असते. दिवस उलगडला की सांजीच्या खोलीत तेरावा उजाडतो.

प्रोग्रामरशी यावर बोलणं झालं.

"अगं, लोक हा बग समजतील. बारानंतर चौदा म्हणजे मीच मोजायला चुकलो असं वाटणार."

"वाटू दे की. ज्याला ती तारीख खटकली तो पुढे दिवेवाल्यांपाशी थांबून ऐकेल."

"आणि ज्याला खटकलीच नाही तो?"

त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी वस्तीतल्या कामांची मुदतच तेराव्याची ठेवायची असं ठरलं. सावकार म्हणतो, "तेराव्याला देईन," आणि समोरचा मान डोलावतो. तळावर कधीच न येणाऱ्या गोष्टीसाठी हा वाक्प्रचारच होऊन बसला आहे. कथा विसरली गेली तरी बोली तिचं ओझं वाहत राहते, आणि खेळणाऱ्याला ती बाजारातल्या बडबडीतूनच पहिल्यांदा भेटेल.

२४ जून

नावांवर बैठक. तीन गोष्टी ठरल्या.

ज्या देवतांची आजही कुठे पूजा होते, त्यांना उचलून पात्र करायचं नाही. कथेची घडण घ्यायची, देव घ्यायचा नाही. शापाची रचना, वराच्या अटी, मोबदल्याचा हिशेब या गोष्टी सगळ्यांच्या आहेत, पण कोणाच्या देव्हाऱ्यातली मूर्ती आपली नाही.

परक्या जिवंत भाषेतले शब्द केवळ कानाला गोड लागतात म्हणून घ्यायचे नाहीत. २००१ मध्ये लेगोने बायोनिकल ही खेळण्यांची मालिका आणली तेव्हा त्यात न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे माओरींचे, शब्द वापरले होते. माओरींनी आक्षेप घेतला, आणि तोहुंगा हे जाणत्या, अधिकारी माणसाला लावायचं नाव एका जमातीच्या खेळण्यांना दिलेलं होतं ते पुढे बदलावं लागलं. ज्या शब्दामागे माणसांचा मान उभा आहे तो सजावटीला लावायचा नाही, मग आपली टोळी कितीही लहान असो.

तिसरं म्हणजे आपली नावं साधी, रोजच्या वापरातली राहतील. गाज, उणा, उसनी, अडसर. भारदस्त संस्कृत नावांची एक यादी तयार होती, ती बाजूला ठेवली. तळावरची माणसं एकमेकांना हाका मारणार आहेत आणि हाक तोंडात बसली पाहिजे.

२ जुलै

उसनी. या पात्रावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे.

देवीमाहात्म्यात महिषासुर देवांना हरवून स्वर्ग बळकावतो तेव्हा देवांचं तेज एकत्र होतं आणि त्यातून देवी उभी राहते. शंकराच्या तेजाचं मुख, यमाच्या तेजाचे केस, विष्णूच्या तेजाचे बाहू. मग प्रत्येक जण आपलं शस्त्र देतो : त्रिशूल, चक्र, वज्र, आणि हिमालय वाहनाला सिंह देतो. पात्राचं सगळं सामान म्हणजेच त्याची उगमकथा, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. प्रत्येक शस्त्राला देणारा आहे, आणि देणाऱ्याची अगतिकताही त्यात आहे.

आमच्या कथेत माणसं देतात, आणि दिल्यावर त्यांच्याकडे ते उरत नाही. तळावर पहिलं संकट आलं तेव्हा वस्त्यांनी मिळून एक लढणारी बाई घडवली. तिरंदाजांच्या वस्तीने नजर दिली. विणकरांनी बोटं दिली, म्हणजे बोटांतली कला. निरोप्यांनी पायांतला वेग दिला. संकट टळलं. उसनी राहिली. परत कोणी काही मागितलं नाही, आणि तिनेही दिलं नाही.

तिरंदाजांच्या वस्तीत आता घराघरांमधून दोर बांधलेले आहेत, कारण दहा पावलांपलीकडचं कोणालाच दिसत नाही. विणकरांचं कापड कोरं असतं, ना काठ ना नक्षी. निरोप्यांची पोरं रांगतात फार उशिरापर्यंत. खेळणारा उसनीला घेऊन या वस्त्यांतून जातो आणि लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघतात त्यावरूनच त्याला कळायला लागतं की हे यांचं आहे.

बहुतेक गेममध्ये पात्र पुढे जाईल तसं त्याला मिळत जातं. उसनीचा प्रवास परत करण्याचा आहे. प्रत्येक वस्तीत निवड : ठेवायचं की द्यायचं. नजर परत दिली तर तिला लांबचा नेम धरता येणार नाही, पण दुसऱ्या दिवशी वस्तीतले दोर सुटलेले असतील, पोरं उघड्यावर पळत असतील, आणि टोळीतल्या दुसऱ्या कोणालाही तिरंदाजांकडून नेम शिकता येईल. उसनीला मात्र येणार नाही. प्रोग्रामरला काळजी होती की हातातली ताकद कोण कशाला देईल. मी म्हटलं, दोर सुटलेली वस्ती चित्रकाराकडून नीट काढून घेऊ, लोक देतील.

सगळं परत केल्यावर तिचं म्हणून काय राहतं, यावर दोन दिवस गेले. आठवण राहते. तिला घडवताना आठवण कोणीच दिली नव्हती, ती लढाईत तिची तिनेच जमवली. म्हणून शेवटी रिकामी झालेली उसनी ही तळावरची एकटी बाई, जिने पहिलं संकट डोळ्यांनी पाहिलं आहे. तिच्याशी तेव्हाच बोलता येतं.

९ जुलै

आज मजकूर पडद्यावर पाहिला. अक्षरं एकेक करून उमटण्याची नेहमीची पद्धत लावलेली होती, आणि 'स्त्री' असं उमटत होतं : स, स्, स्त, स्त्, स्त्र, स्त्री. संगणकाच्या लेखी ती सहा चिन्हं आहेत आणि तो इमानाने सहाही दाखवतो. जोडाक्षर आलं की ओळ थरथरते. आधी सगळी ओळ जुळवून घ्यायची आणि मग पूर्ण अक्षरांच्या टप्प्याने उघडायची असा बदल प्रोग्रामरने केला. आम्ही वापरतो त्या गोडो ४ या गेम इंजिनमध्ये देवनागरी मुळातच नीट जुळते, त्यामुळे काम तासाभरात झालं. वस्तूंवरच्या मजकुराची मर्यादाही आता चिन्हांत न मोजता अक्षरांत मोजली जाते. एका वस्तूला दीडशे अक्षरं. कथा सांगायला ती पुरतात, फक्त एका वेळी एकच गोष्ट सांगायची.

१५ जुलै

अडसर. दरवाजाचा राखणदार, गेमचा शेवटचा शत्रू.

राखणदार शत्रू का असतो? जय आणि विजय यांची कथा लोकांच्या तोंडी आहे तशी घेते. वैकुंठाच्या दारावरचे हे दोघे सनकादिकांना अडवतात, शाप मिळतो, आणि निवड करावी लागते : सात जन्म भक्त म्हणून की तीन जन्म शत्रू म्हणून. ते तीन घेतात, कारण तीन लवकर संपतात. हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, रावण आणि कुंभकर्ण, शिशुपाल आणि दंतवक्र. शत्रुत्व म्हणजे घरी परतायची जवळची वाट, हा विचार मला थक्क करतो. दुसरीकडे विंध्य पर्वत. अगस्त्य त्याला सांगतात, मी दक्षिणेकडून परत येईपर्यंत असाच नमून राहा, आणि ते परत येतच नाहीत. विंध्य अजून वाकलेला आहे.

दोन्ही मिळून अडसर तयार झाला. समुद्र जाताना दरवाजा लावून घेतो आणि सांगतो : मी येईपर्यंत कोणाला आत सोडू नकोस. तो सोडत नाही, एवढंच त्याचं पाप. खेळणाऱ्याशी त्याची तीनदा गाठ पडते आणि तिन्ही वेळा तो आधी विचारतो, "समुद्र आला का?"

त्याचा वर असा आहे की शस्त्राने त्याला हरवता येणार नाही. वराच्या बाबतीत मी हिरण्यकशिपूच्या कथेला धरून चालते. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. मग संध्याकाळ येते, उंबरठा येतो, नरसिंह येतो. या कथेची ताकद अशी की सगळ्या अटी ऐकणाऱ्याला आधीपासून पाठ असतात. पळवाट डोळ्यांसमोर असते आणि तरीही ती दिसते तेव्हा अंगावर काटा येतो. अट लपवून ठेवली असती तर तो नुसता धक्का झाला असता. जरासंधाचंही तेच आहे. दोन राण्यांच्या पोटी अर्धा अर्धा जन्मलेला, जरा राक्षसिणीने सांधलेला, आणि भागवतात कृष्ण एक काडी उभी चिरून दाखवतो तेव्हा भीमाला कळतं. जन्मात जो सांधा आहे तिथेच मरण आहे.

अडसरचा सांधा म्हणजे त्याला मिळालेली आज्ञा. समुद्र परत आला की ती संपते. आणि समुद्राचा आवाज कोणाकडे आहे हे खेळणाऱ्याला पहिल्या तासापासून माहीत आहे.

शापाबरोबर उःशाप हवाच. नहुष अगस्त्यांच्या शापाने साप होऊन पडतो आणि वनात भीमाला विळखा घालतो. युधिष्ठिर त्याच्या प्रश्नांची उत्तरं देतो तेव्हा भीम सुटतो आणि नहुषही सुटतो. मारून संपवायचा शत्रू आणि सोडवायचा शत्रू यांत मला दुसरा लिहायला आवडतो. पात्राच्या उगमातच त्याची सुटका लिहिलेली असली की शेवटच्या लढाईला अर्थ येतो, नाहीतर ती केवळ आकड्यांची वजाबाकी राहते.

२३ जुलै

बाहेरच्या काही जणांना खेळायला दिलं. पहिलाच अहवाल आला : "तारखेत चूक आहे, तेरावा दिवस येत नाही." प्रोग्रामरने तो छापून भिंतीवर लावला आहे. त्याच खेळणाऱ्याचा संध्याकाळी दुसरा निरोप, फक्त एवढाच : "सांजीला भेटलो."

एकाने शेवटपर्यंत दिवस उलगडला नाही. दोनदा हरला, तरी नाही. एकीने पहिल्याच संकटात उलगडला, कथा ऐकलेली नव्हती, आणि नंतर सांजीच्या खोलीत गेली. खिडकीतून सकाळ आत आलेली होती. तिने लिहून पाठवलं की पुन्हा पहिल्यापासून खेळणार आहे, या वेळी दिवेवाल्यांचं आधी ऐकून.

शंख बहुतेकांनी उचलले. एकाला वाटलं की त्याचे हेडफोन बंद पडले. शांततेच्या आधी शंखाच्या कडेवर बोट घासल्याचा बारीकसा आवाज घालायचा, म्हणजे हेडफोन चालू आहेत हे कळेल.

उसनीच्या वस्त्यांमधले शिलालेख कोणी पूर्ण वाचले नाहीत. तिथले शिलालेख तीन ओळींवर आणले. दोर आणि कोरं कापड सांगायचं ते सांगतातच.

३० जुलै

समुद्र मुळात गेला का? टोळीतल्या दोघांनाही उत्तर हवं आहे. चित्रकार म्हणते, आपल्याला तरी माहीत असायला हवं.

मी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त त्यांना वाचून दाखवलं. सृष्टी कशी झाली हे विचारत विचारत ते शेवटी म्हणतं की परम आकाशातून जो हे पाहतो त्याला ते ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. इतक्या जुन्या काळी एवढं मोठं कोडं कोणीतरी उघडं ठेवून दिलं, आणि म्हणून ते आजही आपल्याला विचार करायला लावतं. मेसोपोटेमियाच्या सृष्टिकथेतही सुरुवात रिकाम्यापासून होत नाही, गोडं आणि खारं पाणी आधीपासूनच एकमेकांत मिसळलेलं असतं. ते कुठून आलं हे कोणी सांगत नाही.

ठरलं ते असं. चौघे चार कारणं सांगतील आणि प्रत्येकाचं कारण त्याच्या स्वतःच्या जखमेतून येईल. उणा म्हणेल, त्याचा एक दिवस चोरीला गेला असेल. उसनी म्हणेल, तो काहीतरी परत करायला गेला असेल. गाज ओहोटीचा आवाज काढेल. अडसर म्हणेल, तो गेलेला नाही, येतोच आहे. पाचवं उत्तर आम्हीही लिहून ठेवलेलं नाही.

६ ऑगस्ट

अडसरच्या तिसऱ्या भेटीचा मजकूर पक्का झाला.

गाज दारासमोर भरतीचा आवाज काढते. अडसर बाजूला होणार, एवढ्यात थांबतो आणि विचारतो, "हा आवाज तुला कोणी दिला?" इथे खेळणाऱ्याने आतापर्यंत काय ऐकलं आहे ते मोजलं जातं. फक्त मिठागरवाल्यांचं ऐकलं असेल तर "त्यानेच दिला" हे एकच उत्तर समोर येतं आणि दार उघडतं. फक्त गलबतवाल्यांचं ऐकलं असेल तर गाज गप्प राहते, अडसर तिला आत सोडतो पण तिचा आवाज दाराशी ठेवून घेतो. दोन्ही रूपं ऐकली असतील तर दोन्ही उत्तरं समोर येतात आणि निवड खेळणाऱ्याची. या तिसऱ्या वाटेवर अडसरचं एक वाक्य वाढवलं आहे : "तू सांगशील ते मी मानीन. इतकी वर्षं मी दुसरं काय केलं?"

या प्रसंगासाठी कुठली रूपं ऐकली याची नोंद गेम पहिल्या वस्तीपासून ठेवेल. म्हातारी, जी गाजला घरात घेते, ती दोन्ही रूपं एका दमात सांगते, म्हणजे जो तिच्याकडे गेला त्याला तिसरी वाट हमखास मिळेल. तिचा मजकूर आज रात्री वाचून ध्वनिमुद्रणाला देते. भरतीच्या आवाजाचे चार नमुने आले आहेत, त्यातला दुसरा सर्वांत जड आणि सावकाश आहे. दारासमोर तोच वापरू.